वाचकांचे प्रश्न : घरी आलेला फौजी, त्याचे कागद आणि त्याचं गाव

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. त्या दिवशी गावातल्या माजी सैनिकाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते, शाल-श्रीफळ मिळतं. पण याच घरांतून आमच्याकडे येणारी पत्रं वेगळंच सांगतात. कुणाची पेन्शन एका अक्षरापायी अडली आहे, कुणाला गावातल्या पोरांना भरतीसाठी तयार करायचं आहे पण जागा नाही. या अंकात अशाच पत्रांना उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे मालक मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले होते. गेल्या महिन्यात ७१ व्या वर्षी वारले. त्यांच्या कागदात माझं नाव ‘सुमन’ आहे, आधारवर ‘सुमनबाई’ आणि बँकेत माहेरचं नाव. जन्मतारीखही जुळत नाही. फॅमिली पेन्शन कशी सुरू करायची? (गेवराई तालुका, जि. बीड)

ताई, तुमची पेन्शन कुठेही जात नाही. पण कामाचा क्रम चुकला तर सहा-आठ महिने हेलपाटे होतात, म्हणून क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला बघा. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर काम सोपं असतं, उशीर झाला की परवानगीचे कागद वाढतात. दाखल्यावर मालकांचं नाव डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या नोंदवहीत) आहे तसंच्या तसं हवं. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ किंवा ‘आबा’ म्हणत असतील आणि नोंद सांगायला गेलेल्या पुतण्याने घाईत घरचंच नाव सांगितलं असेल, तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. पुढे तोच कागद पाच ठिकाणी लागणार आहे.

दुसरी गोष्ट, त्यांच्या मृत्यूनंतर खात्यात पेन्शन जमा झाली असेल तर ती काढू नका. दिवसकार्याला पैसे लागतात हे कळतं, पण ती रक्कम नंतर वसूल होते, आणि तुमच्या पेन्शनीतून कापली जाते तेव्हा जास्त जड जातं.

आता नावाचं. फौजेच्या दृष्टीने तुमचं खरं नाव एकच, ते म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, नोंदलेलं. लग्न झाल्यावर युनिटने ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून ते नाव नोंदवलेलं असतं. त्या काळी सुट्टीवरून परतलेल्या जवानाने क्लार्कला तोंडी सांगितलं आणि त्याने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं, असं कितीतरी वेळा घडलं आहे. आपल्याकडे बाईच्या नावापुढे ‘बाई’ लागतं, लग्नात नाव बदलतं आणि ती शाळेत गेलेलीच नसल्याने जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते. चूक कुणाची हे शोधण्यात वेळ घालवू नका.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघा. त्यात ‘सुमन’ आणि जन्मतारीख काय लिहिली आहे ते कागदावर उतरवून घ्या. मग ठरवा की बदलायचं काय. फरक फक्त ‘बाई’चा असेल तर आधार आणि बँकेतलं नाव पीपीओप्रमाणे करून घेणं हा सगळ्यात जवळचा रस्ता. आधार केंद्रावर नाव बदलणं रेकॉर्ड ऑफिसचं रेकॉर्ड बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. आधी आधार, मग पॅन, मग बँक. उलट गेलात तर बँक परत पाठवते. बँकेचं खातं तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या, मुलाचं नाव जोडू नका.

पीपीओतलं नावच पूर्ण वेगळं असेल किंवा जन्मतारखेत वर्षांचा फरक असेल, तर मात्र दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसलाच होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. इतर वाचकांसाठी : महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स-यांत्रिकी अभियंत्यांच्या दलाचं) सिकंदराबादला आणि बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तिथे जायची गरज नसते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत ‘सुमन आणि सुमनबाई ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र, आधार, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स (कोरी पानं धरून), मृत्यूचा दाखला, जोडीचा फोटो असेल तर तो आणि सरपंच-ग्रामसेवकांचा रहिवासी दाखला जोडा. डिस्चार्ज बुकात बायको-मुलांच्या नोंदीचं पान असतं. तेच निघत नाही म्हणून पुष्कळ अर्ज परत येतात.

आता बहुतेकांची पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, म्हणून मृत्यूची खबर आणि फॅमिली पेन्शनचा दावाही तिथूनच जातो. सीएससी केंद्रातून किंवा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने तो भरून घ्या. दाव्याचा क्रमांक हातात आल्याशिवाय उठू नका.

रकमेबद्दल गैरसमज फार आहेत. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, किमान ९,००० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता. ५० टक्क्यांची वाढीव पेन्शन निवृत्तीनंतर वारलेल्या सैनिकाच्या बाबतीत सात वर्षं किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यातलं जे आधी येईल तिथपर्यंतच मिळते. तुमचे मालक ७१ व्या वर्षी गेले, म्हणून तुम्हाला साधी लागू होईल. ‘वाढीव लावून देतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर सरळ दार दाखवा.

ज्यांच्या घरी फौजी अजून हयात आहे त्यांनी हे पत्र वाचून आजच पीपीओ आणि बायकोचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून बघावं. जुन्या लग्नाची ग्रामपंचायतीत नोंदणी नसेल तर तीही दोघं असतानाच करावी. त्यांच्या सहीने जे काम एका अर्जात होतं, ते त्यांच्यामागे बाईला वर्षभर पुरतं.

प्रश्न : वडील ८२ वर्षांचे आहेत. हयातीचा दाखला काढायला नेलं तर अंगठाच उमटत नाही. मागच्या वर्षी दाखला निघाला तरी पेन्शन थांबली. (ता. सेलू, जि. परभणी)

यात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

अंगठ्याचं कारण सोपं आहे. जन्मभर कापूस वेचलेल्या, खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा झिजतात. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, जरा खोबरेल लावून पुन्हा पुसा आणि दहाही बोटं तपासा. कुठलं तरी एक बोट बहुतेकदा लागतं. नाहीच लागलं तर ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या ऑनलाइन दाखल्याच्या मोबाइल ॲपवर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. त्यासाठी आधारचं चेहरा ओळखण्याचं ॲपही फोनमध्ये लागतं. उजेड समोरून हवा, फेटा-टोपी-चष्मा काढलेला हवा आणि वडिलांना पापण्यांची उघडझाप करायला सांगा. ओसरीत सकाळच्या उजेडात हे काम पाच मिनिटांचं आहे.

दाखला निघूनही पेन्शन थांबली, याचा अर्थ दाखला चुकीच्या पत्त्यावर गेला. फॉर्ममध्ये ‘पेन्शन देणारी संस्था’ या जागी अजूनही बँकेचं नाव निवडलं जातं. ज्यांची पेन्शन स्पर्शवर गेली आहे त्यांनी तिथे ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. मंजुरी देणारी संस्था थलसेनेसाठी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’, नौदलासाठी मुंबई आणि हवाई दलासाठी सुब्रोतो पार्क. पीपीओ क्रमांकही स्पर्शचा नवा टाका, जुना नाही. नंतर आठवडाभराने स्पर्शवर लॉगिन करून पुढच्या दाखल्याची तारीख वर्षभराने सरकली का ते बघा. सरकली असेल तर दाखला पोचला. नुसती प्रमाण क्रमांकाची चिठ्ठी हा पोचल्याचा पुरावा नव्हे.

प्रश्न : सुभेदार म्हणून सेवानिवृत्त झालो. गावातली पंधरा-वीस पोरं-पोरी अग्निवीर भरतीची तयारी करतात, पण पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. उसाच्या ट्रॅक्टरांची भीती वाटते. ग्रामपंचायत एक एकर गायरान द्यायला तयार आहे. धावपट्टी कशी आखावी आणि किती खर्ची पडेल? (ता. औसा, जि. लातूर)

साहेब, एक एकर पुरतं. ४०० मीटरच्या पूर्ण पट्टीला साडेतीन एकरांच्या आसपास जागा लागते, पण २०० मीटरची पट्टी ३५ गुंठ्यांत बसते आणि भरतीची १.६ किलोमीटरची धाव तिच्यावर बरोबर आठ फेऱ्यांत पूर्ण होते. वेळ काढायला ही पट्टी उलट जास्त सोयीची.

आखणी अशी. जागेच्या मधोमध दोन खुंट ठोका, एकमेकांपासून नेमके ४० मीटर. प्रत्येक खुंटाभोवती १८.८० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा आणि दोन्ही अर्धवर्तुळांची टोकं सरळ रेषांनी जोडा. ही झाली आतली कड. धावणारा कडेपासून साधारण ३० सेंटिमीटर बाहेरून पळतो, त्या ओळीवर फेरी २०० मीटरची भरते. बाहेरची कड २१.३० मीटर त्रिज्येने काढा, म्हणजे अडीच मीटर रुंदी मिळते. सगळी पट्टी ८३ बाय ४३ मीटरमध्ये बसते.

त्रिज्या नायलॉनच्या दोरीने मोजू नका. दोरी ताणते. अर्धा मीटर ताणली तरी फेरी तीन मीटरने वाढते, आठ फेऱ्यांत २५ मीटर, म्हणजे पोराचे पाच सेकंद. भरतीत गटागटांतला फरक पंधरा सेकंदांचा असतो. जस्ताची तार किंवा स्टीलची टेप वापरा.

खरी लढाई काळ्या मातीशी आहे. औश्याकडची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बुटाला धरते. तिच्यावर नुसता चार बोटं मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात तो खाली जातो. वरची अर्धा फूट माती काढा, भेगा बुजवा, मग सहा इंच मुरूम दोन थरांत टाका. प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. दबलेला मुरूम सुमारे २७ ब्रास लागेल, म्हणजे सैल ३३-३४ ब्रास मागवावा लागतो. ट्रॉली साधारण एक ब्रासची धरा. बाहेरच्या बाजूने हातभर खोल चर काढा, नाहीतर वळणावर पाणी साचून तिथलाच भाग आधी खचतो. काम होळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवा.

कागदाचं विसरू नका. गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलदारांची परवानगी हवी. गावच्याच टेकाडावरून मुरूम उचलणार असाल तरी गौण खनिजाचा परवाना लागतो. चांगल्या कामाला कोण अडवतं, असं वाटतं, पण तक्रार एकाने केली तरी दंड भरावा लागतो.

पुल-अपसाठी दीड इंची जीआय पाइप आठ फुटांवर, खांब दोन फूट काँक्रीटमध्ये. शेजारी नऊ फुटांचा खड्डा उडीसाठी, उतरायच्या बाजूला वाळू. मुलींसाठी दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडीची सोय ठेवा, आणि एक बंद स्वच्छतागृह. ते नसेल तर चार दिवसांत मुली येणं बंद होतात, हे ध्यानात ठेवा.

आता सराव. मुलांना १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत पार केलं तर ६० पैकी ६० गुण आहेत, ५.४५ पर्यंत ४८, ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि ६.१५ पर्यंत २४. दहा पुल-अपना ४० गुण. तुमच्या पट्टीवर ५.३० म्हणजे एक फेरी ४१ सेकंदांत. मुलींच्या पहिल्या गटाची वेळ ७.३०, म्हणजे फेरी ५६ सेकंदांत. पोरं हमखास चूक करतात ती अशी की पहिली फेरी ३३ सेकंदांत मारतात आणि पाचव्या फेरीला कंबरेवर हात ठेवतात. शिट्टी घेऊन उभे राहा आणि दर ४१ व्या सेकंदाला वाजवा. शिट्टीच्या आधी जो रेषा ओलांडेल त्याला दम द्या, मागे राहील त्याला नव्हे. महिनाभरात पायांना ती लय बसते.

आठवड्यात तीनच दिवस जोराची धाव घ्या : एक दिवस २०० मीटरच्या आठ फेऱ्या मध्ये सव्वा मिनिट विश्रांती घेऊन, एक दिवस ४०० मीटरच्या चार, एक दिवस पूर्ण १.६ किलोमीटर घड्याळ लावून. दोन दिवस पाच-सहा किलोमीटर बोलता येईल इतक्या सावकाश. रोज जोरात पळवलं की नडगीची हाडं दुखायला लागतात आणि पोरगं ऐन भरतीच्या वेळी लंगडत असतं. डांबरी रस्त्यावर हे दुखणं लवकर येतं, म्हणून तुम्ही पट्टीचा विचार केलात हे फार योग्य. ज्याला एकही पुल-अप येत नाही त्याला स्टुलावरून हनुवटी दांड्याच्या वर नेऊन पाच मोजत सावकाश खाली यायला लावा, रोज पाच वेळा. चैत्र-वैशाखात सात वाजता मैदान रिकामं झालं पाहिजे.

उंची आणि कागद पहिल्याच दिवशी बघा. जनरल ड्युटीसाठी महाराष्ट्रातल्या मुलाला १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती लागते, फुगवून पाच जास्त. मुलींना १६२ सेंटिमीटर. जिथे हे बसतच नाही त्या पोराला वर्षभर झुलवत ठेवू नका, क्लार्क किंवा पोलीस भरतीकडे वळवा. दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव, आईचं नाव आणि आधार ताडून घ्या. हातावर गोंदलेलं असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं. दंडावर नाव कोरलेली पोरं वैद्यकीय तपासणीत परत येतात. लातूर, बीड आणि धाराशिवची मुलं पुण्याच्या भरती कार्यालयाखाली येतात, मराठवाड्यातल्या बाकी जिल्ह्यांची छत्रपती संभाजीनगरच्या. शेजारच्या अहमदपूर-लोहा सीमेवरची पोरं इथे गोंधळतात.

आणि एक वही घाला. तारीख, नाव, वेळ, पुल-अप. भरतीला पैसे लागत नाहीत हे तिच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. परीक्षेची फी सोडली तर एक रुपयाही कुणाला द्यायचा नसतो. आई-बाप एजंटाला शेत गहाण टाकून पैसे देतात, आणि त्यांना तुमच्याइतक्या अधिकाराने गावात दुसरं कुणी अडवू शकत नाही.

प्रश्न : आम्ही तालुक्यातल्या माजी सैनिकांनी संघटना काढली, पण सात वर्षांपूर्वीचे अध्यक्ष वारले आणि आता बँक खातं चालू देत नाही. (ता. कळमनुरी, जि. हिंगोली)

नवी कार्यकारिणी निवडली, पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दिला नाही, हेच कारण असणार. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज द्यावा लागतो. उशीर माफ करण्याच्या विनंतीसह आता द्या. सोबत सभेची नोटीस, पोच, इतिवृत्त, मृत्यूचा दाखला आणि नव्या सभासदांची संमतिपत्रं जोडा. मधल्या वर्षांचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या, ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत ते व्हायला हवे होते. फौजेत कंपनीचा हिशेब ठेवलेल्या माणसाला हे जड नाही, एका सेवानिवृत्त क्लार्ककडे ही जबाबदारी द्या.

प्रश्न : आजोबा १९७१ च्या लढाईत होते, संग्राम मेडल आहे. पण सेवा कमी भरल्याने पेन्शन नाही. आता ते ७७ वर्षांचे आहेत. काही मदत? (ता. भोकरदन, जि. जालना)

आहे, आणि ती मागायला उशीर करू नका. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते ४,००० वरून ८,००० रुपये झालं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस घ्यायची असते. डिस्चार्ज बुक, वयाचा पुरावा, आजोबांच्या नावाचं पासबुक आणि इतर कुठली पेन्शन मिळत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लं असेल तर आर्मी नंबर शोधा. तो मेडलच्या कडेवर कोरलेला असतो, भिंग लावून बघा.

प्रश्न : निवृत्त सैनिकाच्या अंत्यविधीला तिरंगा पांघरता येतो का? (ता. उमरगा, जि. धाराशिव)

घरच्यांनी आपल्या मनाने नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पार्थिवावर फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय सशस्त्र दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच घालता येतो. निवृत्तीनंतरच्या नैसर्गिक मृत्यूला असा इतमाम सरसकट नसतो. मात्र सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच फोन करा, पुष्पचक्र आणि प्रतिनिधी यांबद्दल ते सांगतात. जिथे तिरंगा असतो तिथे केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात आणि चिता पेटण्याआधी ध्वज काढून घेतात. तुमच्या गावातले माजी सैनिक गणवेशाच्या टोपीत, मेडल लावून, दोन रांगांत उभे राहून सलामी देऊ शकतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि घरच्यांना ती आयुष्यभर आठवते.

प्रश्न : छातीत दुखू लागल्यावर मामांना जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तो ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीत नव्हता. बिल मिळेल का? (ता. किनवट, जि. नांदेड)

जीवघेणी तातडी होती हे कागदावर दिसलं तर मिळतं, पण सरकारी दरानेच, पूर्ण बिल नव्हे. दाखल केल्यापासून ४८ तासांत आपल्या पॉलिक्लिनिकला कळवलेलं हवं. नुसता फोन नको, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवा आणि तो जपून ठेवा. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांकडून ‘तातडीची अवस्था’ असा स्पष्ट उल्लेख आणि दाखल केल्याची वेळ लिहून घ्या. हे वाक्य नसल्यानेच दावे फेटाळले जातात. प्रत्येक औषधाची पावती, ईसीजीची मूळ पट्टी (तिची झेरॉक्सही काढा, कारण पट्टीवरची शाई उडते) आणि कार्डाची प्रत जोडा.

प्रश्न : घरपट्टी माफ आहे म्हणतात, ग्रामपंचायत ऐकत नाही. (ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)

राज्य शासनाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती मालमत्ता करात सूट दिली आहे. ग्रामसेवकाला तोंडी सांगू नका. सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र, अधिवासाचा पुरावा आणि ‘राज्यात दुसऱ्या कुठल्या घरावर ही सूट घेतलेली नाही’ असं लिहून देऊन अर्जाची पोच घ्या. घर वडिलांच्या नावावर असेल तर आधी नमुना आठवर तुमचं नाव लावावं लागेल, बहुतेक अर्ज इथेच अडतात.

प्रश्न : माझी नात दहावीत आहे. पणजोबा, आजोबा दोघे शिपाई होते. तिला अधिकारी व्हायचंय. (ता. परळी, जि. बीड)

मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची शासकीय सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच शासकीय संस्था आता नाशिकला आहे. प्रवेश दहावीच्या वर्षातच लेखी परीक्षा आणि मुलाखतीने होतो, म्हणून निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष हुकेल. एनडीएचं दार मुलींना २०२१ च्या परीक्षेपासून उघडलं. गणित पक्कं करून घ्या, रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावा, आणि डोळे आत्ताच तपासा. आजोबांना म्हणावं, सकाळी तिच्यासोबत चालायला जा आणि युनिटमधल्या गोष्टी सांगा. मुलाखतीत ‘फौजेतच का?’ हे विचारतात, आणि त्याचं उत्तर क्लासमध्ये शिकवता येत नाही.